दर चोख, गरज कोरी : महापालिकेच्या यंत्रखरेदीचे परीक्षण

महापालिकेला जेसीबी, गटारवाहिन्या साफ करणारे सक्शन-कम-जेटिंग वाहन किंवा रस्ते झाडणारे यंत्र घ्यायचे असेल, तर ती खरेदी आज मुख्यतः दोन दारांतून होते. एक दार केंद्र सरकारच्या 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस'चे, ज्याला सगळे कार्यालय 'जेम' म्हणते. दुसरे राज्याच्या 'महाटेंडर्स' या ई-निविदा संकेतस्थळाचे. एका महापालिकेच्या यांत्रिकी विभागात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे या दोन्ही दारांतून माझी ये-जा झाली आहे. मोबाइल किंवा मिक्सर घेण्याआधी लोक परीक्षणे वाचतात; ज्या सेवांमधून आपल्या कराचे कोट्यवधी रुपये यंत्रांवर खर्च होतात, त्यांचे परीक्षण मात्र सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून हा प्रयत्न. मत आधीच सांगून टाकतो. पाचपैकी गुण द्यायचे झाल्यास महाटेंडर्सला चार आणि जेमला साडेतीन. फाइल या दारांपर्यंत पोहोचण्याआधी आणि यंत्र आवारात येऊन उभे राहिल्यानंतर महापालिकेच्या आत जे काही घडते, त्याला मात्र दोनच्या वर गुण देणे मला जमत नाही.

सुरुवात प्रस्तावापासून करू. क्षेत्रीय कार्यालयाकडून किंवा मलनिःसारण विभागाकडून मागणी येते, यांत्रिकी विभाग टिपणी तयार करतो, लेखा विभाग लेखाशीर्षावर तरतूद शिल्लक आहे का ते पाहतो, प्रशासकीय मान्यता मिळते आणि मग निविदेची तयारी सुरू होते. कागदावर ही साखळी निर्दोष आहे. परंतु या टिपणीतील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद, म्हणजे यंत्र का हवे आहे हे सांगणारा परिच्छेद, बहुतेक वेळा सर्वांत लहान असतो. 'शहराची वाढती लोकसंख्या व हद्दवाढ विचारात घेता सदर यंत्राची नितांत आवश्यकता आहे' या एका वाक्यावर लाखो रुपयांची खरेदी पुढे सरकलेली मी पाहिली आहे. हाताशी असलेली जुनी यंत्रे वर्षभरात किती तास चालली, त्यांपैकी किती तास दुरुस्तीसाठी उभी होती, आणि तेच काम भाड्याच्या यंत्राने करून घेतले तर ताशी किती खर्च येतो, हे तीन आकडे प्रत्येक टिपणीत असायला हवेत. ते काढणे अवघड नाही, कारण जेसीबीला अवरमीटर, म्हणजे इंजिन किती तास चालले ते दाखवणारा मीटर, असतो आणि चालकाकडे लॉगबुक असते. अडचण एवढीच की अवरमीटर आणि लॉगबुक यांचा मेळ घालायला कोणी बसले, तर डिझेलचे काही अप्रिय प्रश्न उभे राहतात, म्हणून सहसा कोणी बसत नाही.

अंदाजपत्रकाच्या पातळीवरही फारसे वेगळे चित्र नाही. आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालते, मुख्य सभा मंजुरी देते आणि १ एप्रिलपासून नव्या तरतुदी लागू होतात. यंत्रखरेदीची तरतूद सामान्यतः गेल्या वर्षीच्या आकड्यात थोडी वाढ करून लिहिली जाते. मग वर्षभर तिच्यातून दुसऱ्याच कामांसाठी वर्गीकरणे होतात, म्हणजे पैसे वळवले जातात, आणि जानेवारीच्या सुमारास उरलेला निधी व्यपगत होऊ नये म्हणून घाई सुरू होते. मार्च एंडला निघालेल्या निविदांचा तपशील वाचला, तर मुदत कमी, शुद्धिपत्रके जास्त आणि तांत्रिक तपशील कुठल्या तरी जुन्या निविदेतून उचललेला, असे बऱ्याचदा दिसते. त्यातच निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली असेल, तर बोलायलाच नको.

नियोजन शक्यच नसते, असे कोणी म्हणत असेल तर त्याने पंधरा वर्षांच्या नियमाचे उदाहरण पाहावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, आणि त्यात महापालिका व नगरपालिकांची वाहनेही येतात. म्हणजे २००८ मध्ये घेतलेला पाण्याचा टँकर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरणार, २०१२ मधला डंपर २०२७ मध्ये उतरणार, हे आज बसल्या जागी सांगता येते. वाहन नोंदवही उघडून पुढच्या पाच वर्षांत कोणते वाहन कोणत्या महिन्यात बाद होईल याचा तक्ता करायला एका कारकुनाला एक दिवस पुरतो. तरीही मुदत संपली की 'तातडीची बाब' म्हणून प्रस्ताव येतो, आणि नवे वाहन मिळेपर्यंत ठेकेदाराचे वाहन भाड्याने लावले जाते. हे भाडे कोणाच्या पथ्यावर पडते, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता तांत्रिक तपशिलाकडे येतो, कारण माझ्या मते सगळी खरेदी इथेच जिंकली किंवा हरली जाते. निविदेतील तांत्रिक तपशील दोन प्रकारे लिहिता येतो. काम समोर ठेवून लिहायचे, म्हणजे अमुक खोलीचा खड्डा, अमुक रुंदीचा रस्ता, दिवसाला अमुक तास. किंवा एका विशिष्ट कंपनीचे माहितीपत्रक समोर ठेवून लिहायचे. दुसऱ्या प्रकारचा तपशील ओळखणे फार सोपे असते. 'इंजिन किमान ७० अश्वशक्तीचे' असे लिहिण्याऐवजी अश्वशक्ती, बकेटचे घनमान, यंत्राची लांबी आणि वजन यांचे नेमके आकडे दिलेले असतात, आणि ते चारही एकाच मॉडेलला लागू पडतात. त्यावर कडी म्हणजे पात्रतेची अट: बोलीदाराने मागील तीन वर्षांत असेच यंत्र इतक्या नागरी संस्थांना पुरवलेले असावे. दर कितीही पारदर्शकपणे उघडले, तरी स्पर्धा तोवर संपलेली असते. मिठी नदीच्या गाळ उपसण्याच्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मे २०२५ मध्ये सुमारे ६५ कोटी रुपयांच्या नुकसानीबाबत गुन्हा नोंदवला. ठरावीक पुरवठादाराकडच्या यंत्रांना अनुकूल होतील अशा अटी निविदेत घातल्या गेल्या, हा त्यातील एक मुख्य आरोप आहे. आरोप सिद्ध व्हायचे ते न्यायालयात होतील. पण निविदेच्या अटींच्या पानावर पोलिसांना जावे लागले, एवढी गोष्ट तपशील लिहिणाऱ्या प्रत्येक उपअभियंत्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तपशील लिहिताना आणखी एक माणूस कायम विसरला जातो, तो म्हणजे यंत्र चालवणारा. एका जेटिंग वाहनाच्या निविदेपूर्वी आमच्या आवारातील एका जुन्या चालकाला मी आराखडा दाखवला होता. त्याने लांबीचा आकडा पाहिला, दोन मिनिटे गप्प राहिला आणि म्हणाला, "साहेब, गाडी पेठेत शिरेल हो, पण बाहेर कशी काढायची तेवढं कागदावर लिहून द्या." त्याच्या त्या एका वाक्यामुळे एका मोठ्या वाहनाऐवजी एक मोठे आणि एक छोटे, असा प्रस्ताव बदलला. निविदापूर्व बैठकीला पुरवठादारांचे प्रतिनिधी कोट घालून येतात, अधिकारी येतात, सल्लागारही येतात. चालक आणि आवारातील फोरमन यांना मात्र खुर्ची नसते.

महाटेंडर्सविषयी बोलायचे तर ही सेवा दिसायला जुनाट आहे, पण विश्वासाची आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रणालीवर ती चालते. तांत्रिक लिफाफा आणि दर लिफाफा वेगवेगळे असतात, आणि तांत्रिक छाननीत बाद झालेल्या बोलीदाराचा दर उघडतच नाही. लिफाफे उघडायला नेमलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाहून अधिक जणांची डिजिटल स्वाक्षरी लागते, त्यामुळे रात्री कोणी एकट्याने दर पाहून घेण्याची जुनी सोय उरलेली नाही. कागदी निविदांच्या काळात निविदेचा फॉर्म घ्यायलाच खिडकीवर माणसे आडवी येत असत. ते दिवस पाहिलेल्या माणसाला या संकेतस्थळाचे कंटाळवाणे रूप क्षम्य वाटते. सामान्य नागरिकाला खाते न उघडता चालू निविदा आणि निविदेची सद्यःस्थिती पाहता येते, हीदेखील मोठी गोष्ट. दोष आहेत. शोध घेण्याची सोय अगदी प्राथमिक आहे, काही मिनिटे हात थांबला की सत्र संपते, आणि डिजिटल स्वाक्षरी चालवण्यासाठी संगणकात 'जावा' या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती बसवण्यात आमच्या कित्येक दुपारी गेल्या आहेत. प्रणालीच्या आवाक्यात नसलेला दोष वेगळा आहे. तीन बोली आल्या म्हणजे स्पर्धा झाली असे प्रणाली मानते, परंतु त्या तीनपैकी दोन 'सपोर्टिंग' असल्या, म्हणजे एकाच घरून भरून आलेल्या असल्या, तरी तिला ते कळत नाही. ते ओळखायला तुलनात्मक तक्ता तयार करणाऱ्याची नजरच लागते.

जेम हा वेगळा मामला आहे. ९ ऑगस्ट २०१६ रोजी ही सेवा सुरू झाली, पुढच्या वर्षी तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि महाराष्ट्रानेही ती स्वीकारली. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १४९ व्या नियमाने तिची चौकट ठरवली. २०१९ मध्ये ठरवलेल्या मर्यादांनुसार २५ हजारांपर्यंत थेट खरेदी, तिथून ५ लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांच्या मालाची तुलना करून सर्वांत कमी दराची खरेदी, आणि त्यापुढे बोली किंवा उलटा लिलाव, म्हणजे पुरवठादारांनी एकमेकांपेक्षा कमी दर देत जाणे, अशी व्यवस्था होती. खुर्च्या, संगणक, पंप, हातमोजे, गमबूट अशा वस्तूंसाठी ही सेवा उत्तम आहे, यात शंका नाही. पूर्वी तीन दरपत्रके मागवायला पंधरवडा जायचा, आणि ती तिन्ही दरपत्रके एकाच टायपिंगच्या दुकानात तयार झालेली असायची. आता तुलना पडद्यावर दिसते.

मोठ्या यंत्राची गोष्ट वेगळी पडते. जेमवर प्रत्येक वस्तुप्रकाराचे निकष आधीच ठरलेले असतात आणि त्यांतील कळीचे निकष 'गोल्डन पॅरामीटर' म्हणून वेगळे दाखवलेले असतात. पोर्टलने दिलेल्या पर्यायांतून खरेदीदाराने निवड करायची. यामुळे एखाद्या अधिकाऱ्याला आपल्या मर्जीतल्या कंपनीसाठी तपशील वाकवणे कठीण जाते, हा मोठाच फायदा. पण शहराची खरी गरज त्या पर्यायांत बसत नसेल, तर खरेदीदार 'अतिरिक्त अटी व शर्ती'च्या रकान्याकडे वळतो, आणि समोरच्या दाराने बाहेर काढलेला मनमानीपणा मागच्या दाराने आत येऊ शकतो. जेमने यावर उपाय म्हणून कोणत्या अटी घातल्या तर त्या आपोआप रद्द समजल्या जातील याची यादी प्रत्येक बोलीच्या शेवटी छापायला सुरुवात केली. विशिष्ट ब्रँडचा आग्रह हा त्यातलाच एक प्रकार. ती यादी वाचली की देशभरातील कार्यालयांनी आजवर काय काय करून पाहिले असेल याची कल्पना येते.

जेमविषयीचा माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे 'जेमवर घेतले, म्हणजे दर योग्यच'. तोच १४९ वा नियम दराच्या वाजवीपणाची खात्री खरेदी करणाऱ्या अधिकाऱ्याने करायची आहे असे स्पष्ट सांगतो. पोर्टल ती हमी घेत नाही. प्रत्यक्षात फाइलवर 'जेम पोर्टलवरील न्यूनतम दर' एवढे लिहिले की लेखापरीक्षकापर्यंत कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. बांधकाम यंत्रांसाठी जानेवारी २०२५ पासून प्रदूषणाचे भारत स्टेज पाच मानक लागू झाले. असे मानक बदलले की किमती हलतात, आणि जुन्या पूर्वगणनपत्रकाच्या, म्हणजे खर्चाच्या आधी काढलेल्या अंदाजाच्या, आधाराने बसलेला अधिकारी एक तर आलेला दर जादा म्हणून परत पाठवतो, किंवा खरोखरच जादा असलेला दर मानकाच्या नावावर मंजूर करतो. बाजारात फिरून, दोन विक्रेत्यांशी बोलून, शेजारच्या महापालिकेचा पुरवठा आदेश मागवून दर तपासण्याला पर्याय नाही.

एक किरकोळ वाटणारी पण रोजची अडचण सांगतो. जेमवर कार्यालयप्रमुख, खरेदीदार, माल स्वीकारणारा आणि देयक अदा करणारा अशा वेगवेगळ्या भूमिका असतात, आणि प्रत्येकाचे खाते शासकीय ई-मेल व आधारशी जोडलेल्या मोबाइलला बांधलेले असते. अधिकाऱ्याची बदली झाली आणि भूमिका हस्तांतरित करायची राहिली, की ओटीपी जातो दुसऱ्या जिल्ह्यात. माल आवारात उतरलेला, भांडारपाल स्वीकृती प्रमाणपत्रासाठी अडलेला, आणि बदली झालेले साहेब बैठकीत, असा प्रसंग आमच्याकडे नवा नव्हता. स्वीकृती प्रमाणपत्र निघाल्यापासून दहा दिवसांत पैसे मिळावेत असा जेमचा दंडक आहे. महापालिकांच्या बाबतीत तो किती पाळला जातो, हे पुरवठादार आपल्या दरांतूनच सांगतात. उशिराचे व्याज त्यांनी आधीच धरलेले असते.

दर ठरल्यावर मंजुरी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या ७३ व्या कलमानुसार ठरावीक रकमेच्या वरचा करार करण्यापूर्वी आयुक्तांना स्थायी समितीची मान्यता घ्यावी लागते. सोळा सदस्यांची ही समिती म्हणजे महापालिकेची तिजोरी, असे सगळेच मानतात. तिथे प्रश्न विचारले जातात, विषय तहकूब होतात, दर कमी करण्यासाठी वाटाघाटी करण्याच्या सूचना येतात. कधी हे सगळे शहराच्या हिताचे असते, कधी नसते. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि दीर्घ काळ प्रशासकांकडे कारभार राहिला. त्या काळात प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकाच प्रशासनाचे होते. फाइली झपाट्याने सुटल्या हे मान्य करावे लागेल. पण समितीतला एखादा चिकाटीचा नगरसेवक 'मागच्या वर्षी घेतलेले यंत्र कुठे आहे?' असे जे विचारायचा, ते विचारणारे कोणी राहिले नाही.

निविदेला वळसा घालण्याची दोन वैध दारेही याच अधिनियमात आहेत. अनुसूची 'ड'मधील ज्या तरतुदीला कार्यालयात नुसते 'पाच-दोन-दोन' म्हणतात, तिच्याखाली कारणे नोंदवून आणि स्थायी समितीच्या मान्यतेने निविदेविना करार करता येतो. आणि ६७(३)(क) खाली आयुक्तांना आपत्कालीन अधिकार आहेत. पूर, साथ, भिंत कोसळणे अशा वेळी हे अधिकार हवेतच. करोनाच्या काळात त्यांच्याशिवाय एकही महापालिका चालली नसती. मात्र नालेसफाईचे यंत्र पावसाळा तोंडावर आला म्हणून आपत्कालीन ठरू शकत नाही. पावसाळा दरवर्षी जूनच्या सुमारासच येतो.

यंत्र आल्यानंतरचा भाग मी थोडक्यात उरकणार होतो, पण रस्ते झाडणाऱ्या यंत्रांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, शहरांना निधी मिळू लागला आणि त्याचा मोठा वाटा धूळ कमी करण्याच्या उपायांकडे गेला. त्यातून अनेक शहरांत यांत्रिक झाडूगाड्या आल्या. रस्त्यावरची धूळ साचते ती पदपथाच्या कडेला, दुभाजकाच्या पायथ्याशी. आणि नेमक्या तिथेच दुचाकी उभ्या असतात. यंत्राचा बाजूचा ब्रश कडेपर्यंत पोहोचत नाही, गाडी रस्त्याच्या मधोमध, जिथे वाहनांच्या वाऱ्याने धूळ आधीच उडालेली असते, तिथून पाणी शिंपडत जाते, आणि किलोमीटरवर देयक निघते. पार्किंगला रात्रीची बंदी, कडेची दुरुस्ती आणि ब्रश बदलण्याचा दरकरार या तीन गोष्टी खरेदीच्या प्रस्तावातच हव्या होत्या. त्या नसतील, तर जगातले उत्तम यंत्रही मधोमधच फिरणार.

सांडपाण्याच्या वाहिन्यांच्या यंत्रांबाबत तर हयगय चालणारच नाही. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करण्यास बंदी घातली आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. यंत्र हे इथे सोयीचे साधन राहत नाही. ते नादुरुस्त असेल तर कोणाला तरी आत उतरवले जाण्याचा धोका असतो. म्हणून जेटिंग वाहनाच्या निविदेत वॉरंटीनंतरच्या पाच वर्षांच्या देखभालीचा दर मूळ दरातच मिळवून तुलना करावी, सुटे भाग किती तासांत मिळतील याची दंडासह अट घालावी आणि प्रत्येक पाळीसाठी प्रशिक्षित चालक आहे का याचे प्रमाणपत्र विभागप्रमुखाने द्यावे, असे माझे ठाम मत आहे. केवळ यंत्राच्या किमतीवर न्यूनतम ठरलेला पुरवठादार पुढे पाच वर्षांत सुट्या भागांतून किती वसूल करतो, ते आवारातल्या फोरमनला विचारावे.

आपल्या शहराची खरेदी तपासू इच्छिणाऱ्यांना एवढेच सुचवतो: महाटेंडर्सवर संस्थेच्या नावाने निविदा उघडा, तांत्रिक तपशिलाचे पान वाचा, शुद्धिपत्रके किती निघाली आणि मुदत कितीदा वाढली ते पाहा. मग माहिती अधिकारात दर विचारत बसू नका, दर सहसा बरोबरच असतो. त्याच प्रकारच्या आधीच्या यंत्राच्या लॉगबुकची प्रत आणि दुरुस्तीच्या खर्चाचा तक्ता मागा. बाद यंत्रांच्या निर्लेखनाची, म्हणजे ती नोंदवहीतून कमी केल्याची, नोंदही मागायला हरकत नाही. जुनी यंत्रे विकण्यासाठी जेमवरच लिलावाची सोय झालेली आहे, तरीही मी निवृत्त झालो त्या दिवशी आमच्या आवारात निर्लेखनाचा ठराव न झालेल्या गाड्यांमुळे नव्या गाडीला उभे राहायला जागा नव्हती.